एकच दात का?

प्रिय ईरा,

आत्या फोनवर म्हणाली, "खालच्या काकूंचा माझ्यावर दात आहे," आणि तू विचारलंस, एकच दात? हो, एकच. 'दात आहेत' म्हणालीस तर आजी पोट धरून हसेल. कुत्रं चावण्याआधी दात विचकतं, ते डोळ्यांसमोर आण. काकू अजून चावलेल्या नाहीत, पण राग जुना आहे आणि संधीची वाट बघणं चाललंय, एवढं त्या एका दातात येतं.

याहून जहरी शब्द म्हणजे डूख. तो सापाचा. दुखावलेला साप माणूस लक्षात ठेवतो आणि सूड घेतो, अशी आपल्याकडची जुनी समजूत. सापाला तेवढी स्मरणशक्ती नसते, पण 'डूख धरणे' भाषेत राहिलं ते राहिलंच. कुणी वर्षानुवर्षं मनात धरून बसलं असेल तरच ते वापर. खेळात हरल्यावर रुसलेल्या मैत्रिणीला नको.

आता खरी गोम. दात असणे, डूख धरणे, पाण्यात पाहणे (पोहण्याशी याचा संबंध नाही!), हे सगळं आपण दुसऱ्याबद्दल बोलतो. 'मी तिला पाण्यात पाहते' असं स्वतःहून कुणी कबूल करत नाही. 'खार खाऊन असणे'ही त्यातलंच. ही खार झाडावरची नव्हे. फारसीत खार म्हणजे काटा. 'तो माझ्यावर खार खाऊन आहे' असं म्हणायचं.

काट्याचंच भावंड म्हणजे सल. संस्कृत 'शल्य' म्हणजे शरीरात रुतलेलं टोक, म्हणून सर्जनला मराठीत शल्यविशारद. तसंच 'डोळ्यांत खुपणे'. गवताचं कुसळ मोज्यात शिरलं की बघ: टोकाशी मागे वळलेले ताठ केस असतात, त्यामुळे ते आत सरकत जातं आणि ओढलं की अडतं. दुसऱ्याचं यश असंच खुपतं. इथे वाक्याची बांधणी चुकते हं. 'ती माझं यश खुपते' नाही. 'माझं यश तिच्या डोळ्यांत खुपतं'. खुपणारी वस्तू कर्ता.

दोघांचंही एकमेकांशी पटत नसेल तर छत्तीसचा आकडा. कागदावर ३६ लिही, देवनागरीतच. तीनचं तोंड डावीकडे, सहाचं उजवीकडे, पाठीला पाठ. उलटं करून ६३ लिहिलंस की समोरासमोर येतात. गंमत म्हणजे लग्नाच्या पत्रिका जुळवताना गुणही एकूण ३६च मोजतात, आणि तिथे छत्तीस जुळले की सगळे खूश! 'विळ्याभोपळ्याचं सख्य'ही याच अर्थाचं. सख्य म्हणजे मैत्री, पण इथे ती टोमण्यातली. दोघांची गाठ पडली की भोपळा चिरला जाणार.

तुला रोज लागेल ते साधंच: 'तो माझ्या डोक्यात जातो.' राग डोक्यात चढतो, त्यातलंच हे. हे मात्र स्वतःबद्दल खुशाल म्हणता येतं. फक्त 'मी त्याच्या डोक्यात जाते' म्हणालीस तर अर्थ उलटा: वैताग त्याला आला, तुझ्यामुळे. आणि मोठ्यांबद्दल त्यांच्यासमोर नको. तिथे 'मला ते पटलं नाही' म्हण.

तुझी आई