माधुरी पुरंदरेंची पुस्तकं पाच वर्षांच्या मुलासाठी कुठून सुरू करावीत? चित्रंही त्यांचीच असतात का?

'राधाचं घर'पासून सुरुवात करा, आणि हो, त्यातली चित्रंही त्यांचीच आहेत. त्या मुळात चित्रकार. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकल्या, पुढे पॅरिसला गेल्या, नंतर पुण्यात फ्रेंच शिकवलं. मोठ्यांसाठी त्यांनी पिकासोचं चरित्रही लिहिलंय. त्यामुळे चित्र मजकुराच्या मागून येत नाही, अर्धी गोष्ट तेच सांगतं. घरातली माणसं, पसारा, मुलांचे हट्ट, सगळं ओळखीचं. आणि उपदेश नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. कोथरूडमध्ये मी मुलांचं छोटं वाचनालय चालवते. तिथे 'राधा' आणि 'यश' ही पुस्तकं कपाटात टिकतच नाहीत, म्हणून खात्रीने सांगते. 2014 मध्ये त्यांना साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला.

फक्त 'वाचू आनंदे' इतक्यात घेऊ नका. तो त्यांनी संपादित केलेला मराठी साहित्यातल्या वेच्यांचा संग्रह आहे. सुंदरच आहे, पण मूल स्वतः वाचू लागल्यावर जास्त रमेल, आणि तेव्हाही मोठं कुणी शेजारी बसलेलं बरं. पुस्तकं पुण्यात अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानांत मिळतील. मुलालाही सोबत न्या, पानं उलटून त्यालाच निवडू द्या.