चार वर्षांचं कुलूप आणि तोंडी किल्ली

प्रश्न : मी पुण्याचा. नोकरीनिमित्त ब्लू कार्डवर, म्हणजे युरोपातल्या वर्क परमिटवर, श्टुटगार्टला असतो. बायको आणि लहान मुलगी पुढच्या महिन्यात येत आहेत. महिनोन्‌महिने शोधल्यावर एक घर मिळतंय, पाहूनही आलो. भाडं १,४०० युरो, हीटिंग-पाण्याचे ३०० वेगळे. पण छापील जर्मन करारात म्हटलंय की पहिली चार वर्षं पूर्ण होईपर्यंत कोणत्याही बाजूला नोटीस देता येणार नाही. डिपॉझिट चार महिन्यांचं, तेही सही करतानाच. घरमालक म्हणतात, ‘मध्येच जायचं झालं तर तीन नवे भाडेकरू आणून द्या, सोडीन.’ माझी नोकरी दोनच वर्षांच्या करारावर आहे. सही करू का?
— अ. क.

उत्तर : आहे त्या स्वरूपात करू नका. घर हातचं घालवू नका, पण ते एक कलम बदलून घ्या.

आपल्याकडची अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सची सवय आधी डोक्यातून काढा. जर्मनीत राहत्या घराचा करार सहसा बेमुदत असतो. भाडेकरू कारण न देता साधारण तीन महिन्यांच्या नोटिशीवर बाहेर पडू शकतो. घरमालकाला मात्र कायद्याला मान्य असलेलं कारण दाखवावं लागतं. परदेशी भाडेकरूलाही हेच लागू. तुम्ही नेमका हाच हक्क चार वर्षांसाठी सोडून देताय. तिकडे त्याला ‘क्युंडिगुंग्सफेरत्सिख्ट’ म्हणतात, आपल्याकडे लॉक-इन. नोकरी गेली, दुसऱ्या गावी जावं लागलं, तरी भाडं चालूच.

हे बेकायदेशीर आहे का? सरसकट नाही. दोन्ही बाजूंना बांधणारं असं बंधन छापील करारात चार वर्षांपर्यंत चालतं, असं तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने ठरवलंय. मेख मोजणीत आहे. चार वर्षं करार झाल्या दिवसापासून मोजायची, ती भाडेकरू प्रत्यक्ष मोकळा होऊ शकतो त्या दिवसापर्यंत. म्हणजे नोटिशीचे तीन महिनेही त्यातच. चार वर्षं संपल्यावरच नोटीस द्यायची असेल तर सव्वाचार वर्षं होतात. मग वरचे तीन महिने छाटून बाकीचं कलम टिकत नाही, अख्खं कलम बाद होतं आणि तुम्ही नेहमीच्या तीन महिन्यांच्या नोटिशीवर मोकळे! तरी एवढ्या भरवशावर सही नको. मूळ जर्मन वाक्यात एखादा शब्द वेगळा निघाला की सगळं फिरतं; तुम्ही मला मराठीत सारांश पाठवलाय, कलम नव्हे. शिवाय दोघांनी खरोखर बोलणी करून ठरवलेल्या बंधनाला ही चार वर्षांची मर्यादा लागत नाही. म्हणून बोलणी कराल ती मुदत कमी करण्याचीच करा.

तीन भाडेकरूंची गोष्ट जर्मनीत घरोघरी ऐकू येते. असा नियम नाही. घरमालक मनापासून बोलत असतील, पण उद्या घर त्यांच्या मुलाकडे गेलं तर तुमच्या हातात काय? तेच वाक्य करारात लिहा म्हणावं. त्याहून बरं म्हणजे लॉक-इन एक वर्षाचं मागा, नाहीतर ‘नोकरी गेल्यास किंवा नोकरीमुळे गाव सोडावं लागल्यास तीन महिन्यांची नोटीस पुरेल’ अशी ओळ घाला. तुमच्या जागी मी दोन वर्षांपेक्षा मोठं लॉक-इन घेणार नाही. अगदीच अडकलात तर एक चोरवाट उरते : पोटभाडेकरू ठेवायची परवानगी मागायची. त्या माणसाविषयी गंभीर हरकत नसताना घरमालकाने ती नाकारली, तर तुम्हाला नोटीस देण्याचा खास हक्क मिळतो. पण ‘ठेवा की’ म्हणाले, तर पोटभाडेकरूचे घरमालक तुम्हीच!

डिपॉझिटवरून मात्र आज वाद घालू नका, हे ऐकायला विचित्र वाटेल. कायद्याने ते जास्तीत जास्त तीन महिन्यांचं, तेही हीटिंग-पाणी वगळून. म्हणजे ४,२०० युरो, आणि तीन समान मासिक हप्त्यांत. पहिला हप्ता भाडेकरार सुरू होताना, सहीच्या वेळी नव्हे. हा हक्क सही करूनही जात नाही. नाइलाजाने ५,६०० भरलेत तर वरचे १,४०० परत मागता येतात. भरलं ते वर्ष संपल्यापासून तीन वर्षांच्या आत मागा. लॉक-इनला असा नंतरचा उपाय नाही, म्हणून सगळा जोर तिथे लावा.

‘दोन आठवड्यांत करार रद्द करता येतो’ असं कोणी सांगितलं असेल तर विसरा. घर आधी पाहून सही केली की तो मार्ग नसतो. सहीआधी करार गावातल्या ‘मीटरफेराइन’कडून, म्हणजे भाडेकरू संघाकडून, वाचून घ्या. सभासद व्हावं लागतं, पण वर्गणी तुमच्या एका महिन्याच्या भाड्यापुढे किरकोळ आहे.

बायकोचीही सही मागतील. तिने सही केली की पूर्ण भाड्याची जबाबदारी दोघांपैकी प्रत्येकावर येते, आणि पुढे घर सोडताना नोटिशीवरही दोघांची सही लागते. ती नोटीस कागदावर, शाईने सही केलेली हवी. ईमेल किंवा व्हॉट्सअ‍ॅप चालत नाही. महिन्याच्या तिसऱ्या कामाच्या दिवसापर्यंत ती घरमालकाच्या हाती पडली तरच तो महिना नोटिशीच्या तीन महिन्यांत धरला जातो.