‘मलाच करावं लागतं’

पुण्यात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाची प्रोजेक्टं सुरू झाली की एक वाक्य माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हमखास ऐकू येतं. “ग्रुपमध्ये कुणीच काही करत नाही, सगळं मलाच करावं लागतं.” कॉमर्सची आणि आर्किटेक्चरची मुलंही हेच सांगतात. पालक विचारतात, “ग्रुप बदलून मिळेल का हो?” म्हणून त्यातल्या एकीबद्दल लिहिते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

कॉम्प्युटर शाखेची मुलगी, कर्वेनगरला हॉस्टेलवर राहणारी. चौघांचा ग्रुप. रिव्ह्यू, म्हणजे प्रोजेक्टची टप्प्याटप्प्याने होणारी तपासणी, आठ दिवसांवर आलेला आणि झोप जेमतेम चार तास.

“मॅडम, एक जण तळेगावहून लोकलने येतो, संध्याकाळी थांबतच नाही. दुसरीची प्लेसमेंट झालीय, तिला आता काही पडलेलं नाही. तिसरा ग्रुपवर नुसता अंगठा टाकतो.”

“तळेगाववाल्याने शेवटचं काय पाठवलं होतं?”

“काहीच नाही.”

“मोबाइलवर बघून सांग.”

ती बोटाने मेसेज मागे सरकवत राहिली आणि ऑक्टोबरपाशी थांबली. एक फाइल होती, सोबत ‘बघ गं, जमलंय का’ असं लिहिलेलं. त्यावर हिचा अंगठा.

“या फाइलचं पुढे काय झालं?”

बराच वेळ ती बोललीच नाही. “मी रात्रीत सगळं पुन्हा लिहिलं. फार कच्चं होतं त्याचं.”

“त्याला सांगितलंस?”

“नाही. वाईट वाटलं असतं त्याला.”

“मग रिव्ह्यूच्या दिवशी त्याला स्वतःचं म्हणून काय दिसेल?”

तिचे डोळे भरले. “म्हणजे मीच त्याला थांबवलं का?”

पूर्ण तसं नाही, हे मी तिला लगेच सांगितलं. त्यानेही विचारायला हवं होतं. पण ‘असंच झालं पाहिजे’ हा हट्टच माणसाला त्रास देतो, असं सांगणाऱ्या अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचा विवेकनिष्ठ विचार मानणारी मी, त्यामुळे माझा कान ‘च’वर असतो. ‘मलाच करावं लागतं’ या तक्रारीखाली ‘ते माझ्यासारखंच झालं पाहिजे’ हा हट्ट दडलेला होता. तो तिने स्वतः शोधला, वहीत लिहिला आणि त्यातला ‘च’ खोडला: ‘माझ्यासारखं झालं तर मला आवडेल.’ त्या एका अक्षरासाठी आमच्या तीन भेटी गेल्या, आणि त्या सत्कारणी लागल्या असं मला मनापासून वाटतं.

ग्रुपमध्ये अंग चोरलं जातं ही गोष्ट जुनी आहे. मॅक्सिमिलियन रिंगेलमान या फ्रेंच कृषी अभियंत्याने दोरी ओढायला लावून मोजलं होतं: माणसं वाढली की प्रत्येकाचा जोर कमी होतो. पुढे 1979 मध्ये अमेरिकेत ओरडण्याचा आणि टाळ्या वाजवण्याचा प्रयोग झाला. इतरही आपल्यासोबत ओरडताहेत एवढं नुसतं वाटलं, तरी लोकांचा आवाज उतरला. आपला वाटा वेगळा दिसणार असेल तर हे कमी होतं. आणि ग्रुपमध्ये नेमका वाटाच दिसत नाही.

म्हणून मी मुलांना कामाच्या वाटणीपासून सुरुवात करायला लावते. ‘तू कोडिंग, तू रिपोर्ट, तू पीपीटी’ ही वाटणी सर्वांत घातक. रिपोर्टवाला फेब्रुवारीपर्यंत रिकामा बसतो, मग तो कामचुकार ठरतो, आणि तोंडी परीक्षेत बाहेरचे परीक्षक पीपीटीवालीलाच कोड विचारतात. त्यापेक्षा प्रत्येकाने एक भाग धरावा: कोड, चाचणी आणि त्यावरचं प्रकरण, तिन्ही त्याचंच. त्या भागाचा एकेक तुकडा तीन-चार दिवसांत संपेल एवढा. शीटवर चार रकाने: काम, एकच नाव, तारीख, आणि ‘झालं’ म्हणजे काय. ‘लॉगिन झालं’ असं लिहू नका. ‘दुसऱ्याच्या लॅपटॉपवर चाललं आणि चुकीचा पासवर्ड नाकारला’ असं लिहा. सगळे भाग जोडायला रिव्ह्यूच्या आधीचे सात दिवस मोकळे ठेवा. प्रोजेक्ट फसतात ते बहुधा जोडतानाच.

काम कच्चं आलं तर गुपचूप दुरुस्त करू नका. नेमक्या तीन सूचना लिहा, दोन दिवस द्या आणि परत पाठवा. तारीख एकदा हुकली तर समोर बसून विचारा, ग्रुपवर नको. दुसऱ्यांदा हुकली तर काम लहान करा किंवा बदला. तिसऱ्यांदा शीट घेऊन गाइडकडे जा, तेही रिव्ह्यूच्या तीन आठवडे आधी. आदल्या दिवशी गेलात तर त्यांच्या हाती समजूत घालण्यापलीकडे काही उरत नाही.

त्या रिव्ह्यूनंतर तिने मीटिंग संध्याकाळी सातऐवजी दुपारच्या सुट्टीत अर्धा तास ठेवली. तळेगावच्या मुलाला त्याचं प्रकरण तीन सूचनांसह परत दिलं आणि ऑक्टोबरबद्दल सॉरी म्हणाली. त्याने ते दोनदा सुधारलं. प्लेसमेंट झालेल्या मुलीने चाचणीचा भाग घेतला आणि नीट केला. अंगठा टाकणारा मात्र शेवटपर्यंत हलला नाही. त्याच्या तीन हुकलेल्या तारखा गाइडसमोर ठेवताना तिचा आवाज कापत होता, पण त्याचं काम तिने रात्री जागून केलं नाही. तो भाग रिपोर्टमध्ये ‘अपूर्ण’ असाच गेला.