मुरुमांसाठी डॉक्सिसायक्लिन दिलंय, रात्री झोपताना घेतलं तर चालेल का?
रात्री चालेल, पण गोळी गिळून लगेच आडवं होऊ नका. ती अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम होते, मग साधी लाळ गिळणंही नकोसं होतं. पेलाभर पाण्यासोबत घ्या आणि निदान अर्धा तास बसून राहा. मळमळत असेल तर जेवणानंतर घ्या. लोह, कॅल्शियम, अॅसिडिटीच्या गोळ्या दोन-तीन तास लांब ठेवा. या गोळीने ऊन पटकन भाजतं, सनस्क्रीन लावाच. गरोदर असाल किंवा आयसोट्रेटिनॉइन (मुरुमांचंच दुसरं औषध) चालू असेल तर सुरू करण्याआधी डॉक्टरांना सांगा. डोकं जोरात दुखून अंधुक दिसायला लागलं तर गोळी थांबवून लगेच दाखवा. आणि हो, फरक दिसायला ६ ते ८ आठवडे लागतात. दहाव्या दिवशी आरशाशी भांडू नका.