रंग न देता तशीच फौज घेऊन वॉरगेम खेळलं तर चालतं का?

तुम्ही विचारलंय की वॉरहॅमर, म्हणजे छोट्या सैनिकांच्या फौजा टेबलावर लढवायचा वॉरगेम, सुरू करायचं आहे, भारतात खर्च किती येईल, आणि रंगकाम अजिबात जमत नसेल तर पेटीतून निघालेलं करडं प्लास्टिक जोडून तसंच टेबलावर मांडलं तर चालेल का.

खर्चाचं नंतर सांगतो. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर असं की नियमाने चालतं, पण मांडू नका.

हा वाद मी २०२२ च्या हिवाळ्यापासून एका माणसाशी घालतोय. तेव्हा मी नोकरीनिमित्त इंग्लंडात डर्बीला होतो. ज्या गावात वॉरहॅमर तयार होतं ते नॉटिंगहॅम तिथून गाडीने अर्ध्या तासावर. माझा रूममेट सांगलीचा, बुद्धिबळात पटाईत. दोघांनी एकाच दिवशी पेट्या आणल्या, त्याने स्पेस मरीन म्हणजे चिलखती अंतराळ-सैनिक आणि मी ऑर्क म्हणजे हिरवे राक्षस. त्याचे सैनिक एका रविवारात स्प्रूमधून, म्हणजे सुटे भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीत येतात तीतून, कापून, चिकटवून तयार. माझे तीस बॉईज, म्हणजे ऑर्कांचे साधे शिपाई, नोव्हेंबर आणि डिसेंबर खात बसले. तिकडे चार वाजता अंधार पडतो. ऑफिसातून आलो की जेवणाच्या टेबलावर दिवा ओढून बसायचो. आधी चाकूने मोल्ड लाइन (साच्याच्या जोडाची रेघ) खरवडायची, मग काळा प्रायमर (रंग धरून ठेवणारा पहिला थर), हिरवी कातडी, त्यावर गडद वॉश म्हणजे पाण्यासारखा पातळ रंग, की तो स्नायूंच्या खाचांत उतरतो आणि सावली आपोआप पडते. मग ब्रश कागदावर जवळजवळ कोरडा करून उंचवट्यांवरून फिरवायचा, हा ड्रायब्रश. एकेकाला दीड तास लागला. ऑर्कांची श्रद्धा असते की लाल रंगाची गाडी जास्त जोरात पळते, म्हणून त्यांचा ट्रक लाल केला आणि कडांना गंज दाखवला.

रूममेट म्हणायचा, "हा नट्टापट्टा आहे. खेळ डोक्यात असतो." वाचलेला माणूस, दाखला लगेच द्यायचा. प्रशियाच्या सैन्यात १८२४ साली राइस्वित्झ नावाच्या अधिकाऱ्याने वॉरगेम दाखवला तेव्हा नकाशावर साधे ठोकळे होते, टोपीवर पिसं रंगवलेले शिपाई नव्हते, आणि त्यावरच अधिकाऱ्यांची पिढी शिकली. तेव्हा मला उत्तर सुचलं नाही.

जानेवारीत आम्ही एका क्लबात एकमेकांसमोर बसलो. चर्चचा हॉल, सहा-सात टेबलं, कोपऱ्यात चहाची किटली. तिसऱ्या फेरीत घोळ झाला. त्याच्या पाच-पाच जणांच्या दोन तुकड्या पडक्या भिंतीमागे होत्या, एकीकडे प्लाझ्मा म्हणजे जास्त घातक बंदुका, दुसरीकडे साध्या. तीन फुटांवरून दोन्ही सारख्याच करड्या. मी विचारलं, प्लाझ्मा कुठली? त्याने डावीकडची दाखवली. मी उजवीकडच्या तुकडीवर धाव घेतली, आणि वाकून बघितल्यावर त्याच्या लक्षात आलं की प्लाझ्मा हीच. तो खोटं बोलला नव्हता. त्याला स्वतःलाच आपली फौज ओळखू आली नव्हती. दहा मिनिटं हुज्जत चालली. शेजारच्या टेबलावरचे एक आजोबा उठून आले आणि त्यांनी चाल परत घ्यायला लावली.

पाच फेऱ्या संपल्या. त्याचे ६१ गुण, माझे ५५. आम्ही खेळत होतो त्या वॉरहॅमर ४०,००० च्या नियमांत शंभरातले दहा गुण पूर्ण रंगवलेल्या फौजेला मिळतात. मी ६५ वर गेलो. तो सामान आवरताना म्हणाला, "कुंचल्याने जिंकलास, खेळून नाही."

ते मला लागलं, अजून लागतं. कारण ते दहा गुण कुणी भेट दिलेले नव्हते. पंचेचाळीस तास मान मोडून मिळवलेले होते, आणि नियम दोघांनाही आधीपासून माहीत होता. शिवाय रंगवताना मी प्रत्येक प्यादं हातात धरलं होतं, कुणाकडे काय शस्त्र आहे ते न बघता सांगू शकत होतो. हेसुद्धा खेळच आहे. बुद्धिबळाच्या सोंगट्या तयार मिळतात, म्हणून त्याला हा अर्धा भाग दिसलाच नाही.

आता तुमचं "जमत नाही". दिवाळीच्या किल्ल्यावरचे मावळे आठवतात ना? साताऱ्याला आमच्या अंगणात दवाने मातीच्या मावळ्यांचे रंग उडायचे, आणि माझे वडील दर वर्षी ते नव्याने रंगवायचे, डोळे उदबत्तीच्या काडीने. वडील टेलिफोन खात्यात होते, चित्रकलेशी संबंध नाही. तीन रंग, एक वॉश आणि एक ड्रायब्रश एवढं कुणालाही जमतं. रंग पाण्याने पातळ करा आणि एका जाड हाताऐवजी दोन पातळ हात द्या. हे पाळलं नाही तर नाक-डोळे बुजतात आणि माणूस म्हणतो मला जमत नाही. ब्रश धातूच्या पट्टीपर्यंत बुडवू नका, टोक फुटतं. बेसवर, म्हणजे सैनिकाच्या पायाखालच्या चकतीवर, फेविकॉल लावून चाळलेली वाळू चिकटवा, एवढ्यानेसुद्धा सैनिक जमिनीवर उभा राहिल्यासारखा दिसतो. पावसाळ्यात स्प्रे प्रायमर मारू नका. दमट हवेत तो पांढरट, खरखरीत बसतो आणि बारकावे जातात. जून ते सप्टेंबर ब्रशने लावायचा प्रायमर वापरा.

खर्च. मोठ्या फौजेपासून सुरुवात केलीत तर खिशाला भोक पडेल, परदेशातून मागवलंत तर वर कस्टम ड्युटी. म्हणून दहा-बारा सैनिकांचा खेळ निवडा, वॉरहॅमरच्याच किल टीमसारखा. वन पेज रूल्स नावाच्या खेळाचे मूळ नियम फुकट मिळतात आणि त्यात कुठल्याही कंपनीचे सैनिक चालतात. इतिहासाची आवड असेल तर १/७२ मापाची प्लास्टिकची पेटी घ्या, एकीत चाळीसच्या आसपास शिपाई निघतात. डीबीए नावाच्या जुन्या काळातल्या लढायांच्या खेळात एका बाजूला फक्त बारा पट्ट्या (प्रत्येकीवर काही सैनिक चिकटवलेले) लागतात आणि १५ मिलिमीटरच्या मापात दोन फूट चौरस जागेत लढाई होते, म्हणजे मुंबईतल्या घरातही.

एक राहिलं. हात थरथरत असेल किंवा चाळीशीने डोळे दमत असतील, तर मी वर जे ठासून सांगितलं ते तुम्हाला लागू नाही. कॉन्ट्रास्ट प्रकारचे रंग एकाच हातात सावलीसकट बसतात, ते वापरा. आणि पहिल्याच आठवड्यात खेळून बघायचं असेल तर करड्या फौजेने एक-दोन डाव जरूर खेळा. फक्त निदान प्रत्येक तुकडीच्या बेसची कड वेगळ्या रंगाची करा, म्हणजे समोरच्याची फसगत होणार नाही.

आणि ही लिंक मी त्यालाही पाठवणार आहे, तर त्या वेळी राहून गेलेलं उत्तर इथंच देतो. राइस्वित्झचे ते ठोकळे साधे नव्हते रे. एका बाजूचे निळे, दुसऱ्या बाजूचे लाल, आणि प्रत्येकावर घोडदळ की पायदळ याची खूण होती. तुझे दहा मरीन अजून करडेच असतील तर कुरिअरने पाठव, मी रंगवून देतो.