वेळेआधी जन्मलेल्या बाळाच्या मेंदूला इजा झाली आहे का, हे रक्त तपासून कळतं का?

आज तरी एकट्या रक्त तपासणीवर निदान होत नाही. संशोधन मात्र जोरात चालू आहे.

मेंदूच्या पेशींना इजा झाली की त्यांच्यातली काही प्रथिनं रक्तात झिरपतात. जीएफएपी हे प्रथिन तारकापेशींमधून (मज्जापेशींना आधार देणाऱ्या पेशींमधून) येतं, तर एनएफएल मज्जातंतूंच्या लांब धाग्यांमधून. अकाली बाळांत याच धाग्यांचा भाग, म्हणजे पांढरा द्रव्यभाग, सर्वात नाजूक असतो, म्हणून मला एनएफएल जास्त आशादायक वाटतं. एनएसई हे आणखी एक, जुन्या ओळखीचं प्रथिन, पण ते रक्तातल्या तांबड्या पेशींतही असतं. टाच टोचून रक्त काढताना पेशी फुटल्या की आकडा फुगतो, आणि मेंदू बिचारा ठणठणीत!

खरी अडचण वेगळीच आहे. 'नॉर्मल' किती धरायचं? गर्भाच्या २६व्या आठवड्यात आणि ३४व्या आठवड्यात जन्मलेल्या बाळाची पातळी सारखी नसते, शिवाय जन्मानंतर ती दिवसागणिक बदलते. मोठ्यांच्या डोक्याच्या दुखापतीसाठी अमेरिकेत २०१८ साली जीएफएपी आणि यूसीएच-एल१ (मेंदूतलंच आणखी एक प्रथिन) या जोडीच्या चाचणीला मंजुरी मिळाली, पण ते आकडे अकाली बाळांना चालत नाहीत. त्यात १ किलोच्या बाळात सगळं मिळून रक्त असतं ८०-१०० मिली. त्यामुळे चाचणी थेंबभर रक्तात व्हायला हवी.

तोवर भरवसा टाळूतून केलेल्या सोनोग्राफीवर (मेंदूतला रक्तस्राव बहुतेकदा पहिल्या ३ दिवसांत होतो) आणि गरज पडल्यास गर्भधारणेपासून मोजून साधारण ४० आठवडे भरतात तेव्हाच्या एमआरआयवर.