घर-हिशोब : १ लाख १० हजाराचा फ्लॅट ८० लाखाचा कुणी केला?

प्रश्न : बाबांनी १९८२ ला पुण्यात कोथरूडमध्ये ६०० फुटांचा वन बीएचके १ लाख १० हजाराला घेतला. परवा एजंट म्हणाला ८० लाख आरामात येतील. बाबांचं म्हणणं, महागाई वाढली, त्यात काय एवढं, तेव्हा मला १४०० रुपये पगार होता. मला आज ७० हजार पगार आहे आणि तोच फ्लॅट मला परवडत नाही. हे सगळं खरंच महागाईनेच झालंय का?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : नाही हो. महागाईचा वाटा फार तर चार आणे. कामगारांचा जो ग्राहक किंमत निर्देशांक असतो ना, ज्याच्यावर सरकारी नोकरांचा डीए म्हणजे महागाई भत्ता ठरतो तोच, तो १९८२ ला १०० धरला होता, पुढे २००१ ला आणि मग २०१६ ला त्याचा पाया बदलला, पण जुन्या पायावर नेऊन बघायला सरकारनेच ४.६३ आणि २.८८ असे गुणक दिलेत, ते लावले की आजचा आकडा १९०० च्या आसपास येतो. म्हणजे १९ पट. बाबांचे १ लाख १० हजार गुणिले १९, झाले २१ लाख. एजंट सांगतोय ८०. मधले ५९ लाख काही डाळ-तेल-रॉकेल महागलं म्हणून आलेले नाहीत.

त्यात या निर्देशांकात घराची किंमत धरतच नाहीत, घरभाडं धरतात. त्यामुळे पुण्यात फ्लॅटचे भाव दुप्पट झाले तरी महागाईचा आकडा ढिम्म, आणि पेपरात 'महागाई आटोक्यात' वाचून आपण चक्रावतो.

मग हे ५९ लाख कशाचे? जमिनीचे. भिंती तर जुन्या होत जातात, चाळीस वर्षांच्या बिल्डिंगला गळती, प्लंबिंग, सगळं आलंच. साधं बांधकाम आज फुटाला दोन-अडीच हजार धरलं तर ६०० फूट नवंकोरं १५ लाखात उभं राहतं, बाकीचे पैसे खालच्या जमिनीतल्या वाट्याचे आणि पत्त्याचे. आणि हा पत्ता १९८२ ला काय होता हे बाबांनाच विचारा! लोक म्हणायचे एवढ्या लांब कोण राहायला जाणार. तेव्हा शहरात एकाकडे किती मोकळी जमीन असावी यावर मर्यादा घालणारा १९७६ चा नागरी जमीन कमाल धारणा कायदा होता, त्यात शहरातल्या कितीतरी जमिनी अडकून पडल्या, विकायच्याही नाहीत आणि बांधायच्याही नाहीत अशा, आणि महाराष्ट्रात तो कायदा उठायला २००७ उजाडलं. तोपर्यंत हिंजवडीला आयटी पार्क आलं होतं, मुंबई-पुणे एक्सप्रेसवे झाला होता, १९९७ ला आजूबाजूची गावं महापालिकेत आली होती, आणि मग २०२२ ला कोथरूडच्याच वनाजपासून मेट्रोपण सुरू झाली. बाबांनी यातलं काहीच केलेलं नाही, ते फक्त तिथे राहत होते.

पण माझ्या मते सगळ्यात जास्त भाव चढवला तो कर्जाने, आणि त्याचं नाव कुणी घेत नाही. नव्वदच्या दशकात होम लोन १५ टक्क्यांच्या आसपास होतं, २००३-०४ ला ते ८ च्या घरात आलं. आता बघा, महिना १० हजार हप्ता झेपणाऱ्या माणसाला २० वर्षांसाठी १५ टक्क्यांनी साडेसात लाखच्या आसपास कर्ज मिळायचं, ८ टक्क्यांनी त्याच हप्त्यात १२ लाख मिळायला लागलं. पगार तोच, खिसा अचानक मोठा. आणि एकट्याचा नाही, सगळ्यांचाच झाला, जमीन मात्र तेवढीच, मग ते जास्तीचे पैसे जाणार कुठे? बिल्डरच्या आणि जमीनवाल्याच्या खिशात.

आता बाप-लेकाच्या भांडणाकडे येऊ. रुपये सोडा, पगारात मोजा. बाबांनी साडेसहा वर्षांच्या पगाराइतकी किंमत दिली, तुम्हाला साडेनऊ वर्षांचा पगार लागतोय, बाबांच्या बरोबरीला यायला तुमचा पगार लाखाच्या थोडा वर हवा. म्हणजे तक्रार खरी आहे. पण बाबांनी शहराच्या टोकाला घर घेतलं होतं आणि तुम्ही मागताय मेट्रो स्टेशनजवळ, तेव्हा तुलना करायचीच तर चांदणी चौकाच्या पलीकडे, आजच्या शहराच्या टोकाला असलेल्या भूगावचा भाव काढा, मग दोघांचा हिशोब बऱ्यापैकी जुळेल. शिवाय १९८२ ला होम लोन ही चीज पगारदार माणसाच्या हाताशी फारशी नव्हतीच, पीएफमधून उचल, सासऱ्यांकडून उसने, बायकोच्या बांगड्या असं करूनच लोकांनी घरं घेतली, म्हणून बाबांच्या 'त्यात काय एवढं' वर जास्त चिडू नका.

आणि ७३ पट ऐकायला केवढं वाटतं ना, वर्षाला काढलं तर साडेदहा टक्के पडतं. महागाई सातच्या थोडी वर. त्याच काळात सोनं तोळ्याला साधारण १६५० वरून २०२४ अखेर ७६-७७ हजारावर गेलं, ४५ पटीच्या वर, आणि सोन्याला ना मेंटेनन्स ना प्रॉपर्टी टॅक्स. (अर्थात सोन्यात राहता येत नाही, हे आमच्या घरातूनच ऐकवलं गेलंय.)

प्रश्न : आमचाही असाच जुना फ्लॅट आहे, वडिलांच्याच नावावर. विकला तर नफ्यावरच्या टॅक्समध्ये महागाईची वजावट मिळते म्हणे?
– एक वाचक, सहकारनगर

उत्तर : मिळते, पण घ्यावी का ते आधी बघा. इतकं जुनं घर असेल तर १ एप्रिल २००१ ची बाजारभावाची किंमत मूळ किंमत म्हणून धरता येते, फक्त ती त्या दिवशीच्या रेडी रेकनरपेक्षा, म्हणजे स्टॅम्प ड्युटीसाठीच्या सरकारी दरापेक्षा, जास्त चालत नाही, आणि व्हॅल्युअरचा रिपोर्ट करून घ्या. २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेल्या घराला दोन रस्ते आहेत : महागाईची वजावट घेऊन नफ्यावर २० टक्के टॅक्स, नाहीतर वजावट न घेता १२.५ टक्के. समजा २००१ ची किंमत ६ लाख आणि विक्री ८० लाख. इन्कम टॅक्सचा महागाई निर्देशांक वेगळा असतो, तो २००१ ला १०० धरलाय आणि २०२५-२६ चा ३७६, म्हणजे ६ चे झाले साडेबावीस लाख, नफा साडेसत्तावन्न, टॅक्स साडेअकरा लाख. वजावट सोडली तर नफा ७४ लाख आणि टॅक्स सव्वानऊ लाख! पुण्यातल्या जुन्या घरांना बहुतेक वेळा दुसराच रस्ता स्वस्त पडतो, कारण घर महागाईच्या कितीतरी पुढे गेलेलं असतं. मुदतीत दुसरं राहतं घर घेतलं तर टॅक्स वाचतो तो वेगळाच, ते सीएला विचारा.

प्रश्न : भाड्याने राहू की घेऊन टाकू?
– एक वाचक, वारजे

उत्तर : ८० लाखाच्या घराला ६४ लाख कर्ज, साडेआठ टक्के, २० वर्षं, हप्ता साडेपंचावन्न हजार. हातातून १६ लाख, वर ७ टक्क्यांनी स्टॅम्प ड्युटी ५ लाख ६० हजार. तसंच घर भाड्याने २०-२२ हजारात मिळतंय. नोकरी पक्की नसेल तर मी भाड्याने राहीन. मुलांची शाळा, आईवडील, सगळं इथेच असेल तर घ्या, पण भाव वाढणार म्हणून घेऊ नका, राहायचंय म्हणून घ्या, आणि हप्ता घरात येणाऱ्या पगाराच्या चाळीस टक्क्यांच्या वर गेला तर एजंटचा फोनच उचलू नका.